कातडी माझी, सही वन्संची

३ मार्च, मंगळवार

वजन ६१. दाब १३२/८४. ताप नाही.

किडनी बदलली तेव्हा डॉक्टरांनी हे तीन आकडे रोज लिहायला सांगितले होते. अकरा वर्षं लिहितेय, बावीस वह्या भरल्या. रागाचा रकाना मात्र कुणी आखून दिला नाही. आजपासून उजवीकडचं पान रागासाठी.

आज पार्लरवालीचा सहावा धडा. ही बाई गाडी बरी चालवते, पण तिचं लक्ष रस्त्यावर कमी आणि माणसांच्या तोंडांवर जास्त. सिग्नलला थांबलो होतो. माझा डावा हात नेहमीसारखा खिडकीबाहेर. माझ्या गाडीत शिकवताना काच खाली, हा बावीस वर्षांचा नियम आहे. काच वर केली की शिकाऊ माणूस बहिरा होतो. इंजिन कण्हतंय ते त्याला ऐकू येत नाही, मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. एसी आहे, तो शोभेला. शिवाय मागच्या गाड्यांना 'थांबा', 'जा' ह्या खुणा मीच करते, हात बाहेर काढून.

तर ही बाई सिग्नल सोडून माझ्या हाताकडे बघत बसली.

"मॅडम, ही खपली मागच्या महिन्यातही होती ना?"

"तुम्ही समोर बघा."

"मी दिवसभर लोकांची कातडीच बघते हो. पडते आणि परत धरते, ती खपली चांगली नसते. दाखवून घ्या कुणाला तरी."

सिग्नल हिरवा झाला, गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ. क्लच सुटत नाही बाईंचा आणि निघाल्यात माझी खपली तपासायला. पण खरं सांगायचं तर तीन महिने झालेत त्या खपलीला. हाताच्या मागे, करंगळीच्या वर. दुखत नाही, म्हणून मी तिला गिनत नव्हते.

७ मार्च, शनिवार

वन्सं येऊन गेल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एका मोठ्या कचेरीत टायपिस्ट होत्या, आता निवृत्त. त्यांची डावी किडनी माझ्या पोटात आहे. नणंदेने भावजयीला किडनी दिली, असं सांगितलं की लोक दोनदा विचारतात, आणि मग वन्संच्या पायाच पडायला निघतात. मीही मनातून पडतेच. पण दिल्या दिवसापासून ह्या बाईने माझ्या कातडीचाही ताबा घेतलाय, त्याचं काय करू?

दर वर्षी काहीतरी घेऊन येतात. हातावर चढवायच्या लांब बाह्या तर ठरलेल्याच, शिवाय रुंद काठाची टोपी, मलमाच्या नळ्या. एका वर्षी तर गाडीच्या काचांना लावायची काळी फिल्म आणली होती. आणि तोंडात एकच वाक्य, "उन्हात बसू नकोस, काळी पडशील."

मी जन्मतःच काळी. आणखी किती पडणार? आजही बाह्या. पिवळ्या फुलांच्या. "आल्या मालकीणबाई," मी दारातच म्हटलं. हसत म्हटलं, पण लागलं असावं. लागू दे.

हातावर पट्टी लावली होती, ती त्यांनी बघितली. बॉनेट उघडताना चटका बसला, असं ठोकून दिलं. उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर. त्यांनी पट्टी उचलली, हात खिडकीच्या उजेडात धरला आणि नुसत्या बघत राहिल्या.

"कधी बसला चटका?"

"परवा."

"परवा?"

"हो म्हटलं ना."

"डॉक्टरला दाखव. सोमवारीच." चहा तसाच ठेवून गेल्या. चष्माही टेबलावर विसरल्या. वय झालं, दुसरं काय.

१२ मार्च, गुरुवार

दाब १४०/९०. कारण पुढे.

कातडीची डॉक्टर माझ्या धाकट्या भाचीएवढी. खपली एका भिंगातून बघितली, मग न विचारताच माझा डावा कान, डावं कानशील, डावा दंड बघत सुटली. "गाडी चालवता?"

"शिकवते."

"शिकवणारे डावीकडे बसतात ना? काच खाली करून?"

मी चाट पडले. तिने माझे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उजवा माझा होता. डावा माझ्या आजीचा. सुरकुत्या, डाग, खरखरीत चट्टे. जन्मापासून हे दोन्ही हात माझ्या अंगाला आहेत आणि मी ते कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. खपलीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

२० मार्च, शुक्रवार

कॅन्सर आहे. कातडीचा.

लिहून टाकलं. आता राग लिहिते.

डॉक्टरीण चांगली आहे, तिच्यावर राग नाही. तिने दहा मिनिटांत समजावलं. ऊन कातडीच्या पेशींना रोज थोडं थोडं बिघडवत असतं, सगळ्यांच्याच. शरीराचे पहारेकरी अशा बिघडलेल्या पेशी हुडकून निकालात काढतात. माझे पहारेकरी अकरा वर्षं गोळ्यांनी गुंगीत ठेवलेत, कारण ते जागे राहिले तर परक्या किडनीवर धावून जातील. आणि माझी ती सकाळची पिवळी गोळी कातडीला उन्हापुढे आणखीच हळवी करते.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या पायाशी जो दुसरा ब्रेक असतो, तो काढून घेतला आणि शिकाऊ माणसाला भर रस्त्यात सोडून दिलं."

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि खूश झाली.

"पण काळ्या कातडीला हे होत नाही म्हणतात."

"कमी होतं. होत नाही असं नाही. आणि ह्या गोळ्या घेणाऱ्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त."

लवकर सापडलाय, कापून टाकता येईल, असं म्हणाली. कान आणि कानशिलावरचे चट्टे अजून कॅन्सर नाहीत पण त्या वाटेवर आहेत, ते गोठवून जाळायचे.

दहा मिनिटं. एवढंच लागलं हे सांगायला. अकरा वर्षांत कुणाला ही दहा मिनिटं सापडली नाहीत? रोज आठच्या गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. मुकाट्याने गोळी गिळायची आणि आठ तास उन्हात हात बाहेर काढून बसायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी ते जगाला दाखवत फिरले.

२१ मार्च, शनिवार

आज शिकवलं नाही. गाडी धुतली. डावीकडची काच पूर्ण वर केली आणि बाहेरून पुसली. नऊ वर्षांच्या गाडीची काच कोरी करकरीत निघाली, एक ओरखडा नाही.

२६ मार्च, गुरुवार

किडनीच्या डॉक्टरांना जाब विचारला. ते माझे अकरा वर्षांचे डॉक्टर, मी त्यांना देव मानते. आज देवाला खुर्चीत बसवून विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की. पुस्तिकेत आहे."

पुस्तिका माझ्याकडे आहे, जपून ठेवलीय. घरी येऊन काढली. बेचाळीस सूचना. तिसावी, 'पाळीव पक्ष्यांपासून दूर राहावे.' एकतिसावी, 'कडक ऊन टाळावे.' बत्तिसावी, 'नखे कापताना काळजी घ्यावी.' एवढंच. टाळावे! का टाळावे? घाम येतो म्हणून? मी काय समजायचं होतं? माझ्या कामात कडक ऊन टाळायचं म्हणजे काम टाळायचं. मी मनाशी म्हटलं असेल, हे सावलीत बसणाऱ्यांसाठी लिहिलंय, आणि पान उलटलं असेल.

डॉक्टर म्हणाले, "शिवाय समुपदेशक बाई तोंडी सांगतात, कागद वाचून दाखवतात, त्यावर सही घेतात. तुमच्या फाइलला असेल."

"मी असल्या कशावर सही केलेली नाही."

"असेल हो. सगळ्यांची असते."

मग दुसरी गोष्ट, जी जास्त वाईट. गोळ्या बदलायच्यात. पिवळी बंद, दुसरी कमी, आणि हाताची जखम भरल्यावर एक नवी सुरू. पहारेकऱ्यांना जरा जाग येऊ द्यायची. पण जागे झालेले पहारेकरी किडनीवरही जाऊ शकतात. "किडनी रुसू शकते," असे शब्द वापरले. रुसायला ती काय नवी नवरी आहे? गेली तर परत डायलिसिसचं मशीन. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास, दोन सुया.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"कुणाला?"

मी उठून आले. कुणाला काय? किडनी जिची तिला. आणि तिला तर काही सांगायचंच नाहीये.

३० मार्च, सोमवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली आणि अजून तिथेच आहे.

हॉस्पिटलच्या नोंदी ठेवण्याच्या खोलीत गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, अर्ज करा. केला. ओळखपत्राची प्रत जोडा. जोडली. जेवणाची सुट्टी झाली. बसले. मी शिकाऊ लोकांना रिव्हर्समध्ये चढ चढायला शिकवते, माझा धीर असा सुटत नाही. शेवटी फाइल आली. माझीच फाइल, आणि मला उभ्यानेच वाचायला दिली, जणू मी ती घेऊन पळणार होते.

कागद होता. पिवळा पडलेला. 'प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांमुळे व सूर्यप्रकाशामुळे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका समजावून सांगितला.' इतकं स्वच्छ वाक्य! खाली 'रुग्णास / नातेवाईकास'. 'रुग्णास' खोडलेलं. आणि सही. टायपिस्टची सही, एकेक अक्षर वाचता येतं.

वन्संची.

तारीख बघितली. मंगळवार, मशीनचा दिवस. म्हणजे त्या वेळी मी खालच्या मजल्यावर होते. एक जिना! समुपदेशक बाईंना एक जिना उतरता आला नाही, म्हणून त्यांनी जी हाताशी होती तिला सांगितलं, तिची सही घेतली आणि फाइल बंद केली. कातडी माझी आणि सही वन्संची. कायद्याने सगळं चोख!

आणि वन्सं? त्यांना अकरा वर्षं माहीत होतं. अकरा वर्षं माझ्या दारात बाह्या घेऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाने काय, तर काळी पडशील. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! मी काय कुकुलं बाळ होते? माणसाला त्याच्याच अंगाबद्दलचं खरं सांगायला लोकांचं काय जातं? ज्याचं आहे त्याच्यापासून लपवायचा हक्क ह्यांना दिला कुणी?

२ एप्रिल, गुरुवार

वजन ६०. सोमवारी हात कापायचाय, म्हणजे त्यावरचा तेवढा भाग. नवऱ्याला बजावलं, वन्संना ताकास तूर लागू द्यायची नाही. त्यांचं वय, त्यांचा रक्तदाब, उगाच काळजी करत बसतील. बरं झाल्यावर मी भांडणार आहेच, तेव्हा सगळं एकदमच कळेल.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, फार बोलत नाही. माझ्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला आणि पान्हे पुसायला लागला. त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक.

७ एप्रिल, मंगळवार

डावा हात बांधलाय, उजवा शाबूत आहे, म्हणजे वही लिहिता येते.

काल नुसता हात बधिर केला होता. बाहेर आले तर बाकावर वन्सं. नवऱ्याला ताकास तूर सांभाळता येत नाही. त्यांनी काही विचारलं नाही, माझी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागल्या. रात्री आमच्याकडेच राहिल्या.

आज सकाळी मी त्या कागदाची, आणखी एक अर्ज करून मिळवलेली, प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि कातडी कुणाची?"

त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तू काय म्हणत होतीस, आठवतं? कुणाच्या उपकाराचं ओझं नको, मशीनवरच मरते, असं. दोन महिने लागले मला तुझ्याकडून हो म्हणवून घ्यायला. आणि तुझं हो झालं त्याच आठवड्यात त्या बाईने मला हे वाचून दाखवलं. तो शब्द तुझ्या कानावर पडला असता तर तू निमित्तच शोधत होतीस. उठून गेली असतीस."

"गेले असते तर माझी मी गेले असते!"

"आणि मी माझ्या भावाला काय सांगायचं होतं?"

"मग नंतर सांगायचं! वर्षाने सांगायचं. पाच वर्षांनी सांगायचं!"

"दर वर्षी ठरवून यायचे गं. रस्ताभर वाक्यं जुळवायचे. मग तू दार उघडायचीस आणि म्हणायचीस, आल्या मालकीणबाई. मग मी बाह्या हातात द्यायचे."

मला रडू आलं, त्याचाही राग आला. "पण काळी पडशील म्हटल्यावर कोण घालेल हो बाह्या?"

"म्हटलं चिडशील. चिडून तरी घालशील."

"चिडले की मी मुद्दाम घालत नाही! अकरा वर्षांत एवढंही कळलं नाही तुम्हाला? खरा शब्द सांगितला असता तर झोपतानाही काढल्या नसत्या!"

"असेल. चुकलंच माझं." मग चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्या बँडेजकडे बघितलं. "आणि तो बॉनेटचा चटका?"

बँडेजला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणून मी आत गेले.

कपाटाचा खालचा खण उघडला. अकरा जोड बाह्या. सगळे पाकिटबंद.

११ एप्रिल, शनिवार

निकाल आला. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे कॅन्सर सगळा निघाला. ह्या वेळेपुरता. दर तीन महिन्यांनी अंगभर तपासायचं, कारण जे ऊन खाऊन झालंय ते अंगातून परत काढता येत नाही.

वन्संना गोळ्यांचं सांगितलं. सगळं सांगितलं. किडनी जाऊ शकते हेही.

"मग मला कशाला विचारतेस?"

"किडनी तुमची."

"अकरा वर्षं तू तिला वेळेवर पाणी पाजलंस, आठच्या गोळ्या एकदा चुकवल्या नाहीस. माझ्याकडे राहिली असती तर एवढी बडदास्त झाली नसती तिची. तुझी आहे ती. ठरव तू."

"आणि गेली तर?"

"तर गेली. तुझ्याहून ती मोठी नाही. फक्त दुसरी मागू नकोस, ती मला लागते."

मी हसले. त्याही हसल्या. पण राग गेलेला नाही, हे इथे लिहून ठेवते. तो जिना अजून तिथेच आहे.

१ जून, सोमवार

नवी गोळी सुरू होऊन दोन आठवडे. तोंडभर फोड, पायांवर सूज. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करत नसली की वाढतो तो रक्तातला आकडा, माझा वर्षानुवर्षं १.४ होता. मागच्या सोमवारी १.६. आज १.७.

भीती वाटते. नुसती भीती, राग नाही. मशीनचा वास आठवतो.

पार्लरवाली परीक्षेत पास झाली. सांगायला आली होती. माझ्या हातावरचा व्रण बघून म्हणाली, "टाके सुरेख घातलेत." बाई, तुझ्यामुळे घातलेत. हे तिला तोंडावर सांगितलं. सांगायला काही लागलं नाही.

९ जून, मंगळवार

१.५. डॉक्टर म्हणाले, स्थिरावतेय. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. वन्सं माझ्याबरोबर आल्या होत्या. पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि उगाच म्हणाल्या, इथे किती धूळ आहे.

बाहेर पडताना समुपदेशक बाईंची खोली लागते. दार उघडं होतं. आत एक पोक्त माणूस बसलेला, मांडीवर बायकांची तपकिरी पर्स घट्ट धरून. बाई भराभर वाचत होत्या. "पक्षी पाळू नयेत, कडक ऊन टाळावे, हा धोक्यांचा कागद, समजलं ना, इथे सही करा." त्याने पेन उचललं.

मी तोंड उघडणारच होते. अडीच महिने ह्यासाठीच शब्द साठवले होते. पण वन्सं माझ्या आधी आत शिरल्या.

"थांबा हो. ही पर्स कुणाची?"

तो गोंधळला. "बायकोची. ती खाली आहे, मशीनवर."

"कानाने ऐकू येतं तिला?"

"हो."

"मग कागद खाली न्या. सही तिची घ्या."

समुपदेशक बाई उठल्या. "आजी, तुम्ही कोण? ह्यांच्या नातेवाईक का?"

"नाही. मी अकरा वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत बसून सही केली," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघतील एवढा मोठा होता. मग त्या माणसाकडे वळल्या. "तिला ऊन टाळ असं सांगू नका. काळी पडशील असं तर नकोच नको. ह्या गोळ्या घेताना ऊन लागलं की कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, असं सांगा. कॅन्सर. हाच शब्द. ती घाबरेल, रडेल, कदाचित तुमच्यावर ओरडेल. ओरडू दे."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मी डावा हात वर केला आणि व्रण दाखवला. त्या माणसाने पेन टेबलावर ठेवलं, पर्स काखेत मारली, कागद घेतला आणि जिन्याकडे गेला. "अहो, तो कागद फाइलचा आहे," असं म्हणत समुपदेशक बाईही मागून धावल्या. उतरल्या एकदाच्या तो जिना. खालून पावलांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

१० जून, बुधवार

वजन ६०. दाब १२८/८०. ताप नाही.

नवी शिकाऊ बाई, पहिला धडा. तिने सवयीने काच खाली केली. मी म्हटलं, वर करा, माझ्या बाजूचीही. का, असं तिने विचारलं. गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटं सांगितलं.

बाह्या पिवळ्या फुलांच्या. भयंकर दिसतात.